चाकांवरचे बिऱ्हाड आणि हातांचा हिशेब

माणूस सुट्टीवर निघतो तेव्हा कामे घरी राहतात, काळज्याही थोड्या मागे पडतात, पण पोट मात्र न विसरता बरोबर येते. किंबहुना प्रवासाच्या हवेने त्याला अधिकच जोर चढतो. घरी दोन पोळ्यांवर हात धुणारी मंडळी तळ्याकाठी बसली की चौथीची वाट पाहू लागतात. म्हणूनच सहलीच्या अंदाजपत्रकात गाडीभाडे आणि मुक्काम ह्यांच्या जोडीला हटकून येऊन बसतो तो जेवणाचा आकडा. त्यातली गंमत अशी, की भाडे आपल्या हाती नसते, मुक्कामाचे दर आधीच ठरलेले असतात. कात्री लावायला मोकळा सापडतो तो हा एकच आकडा. आणि कात्री चालवायची वेळ आली की घरातल्या सगळ्यांच्या नजरा गृहिणीकडे वळतात!

हल्ली चाकांवरच्या घराची, म्हणजे कॅरव्हॅनची, आपल्याकडेही बरीच चर्चा आहे. एकाच गाडीत झोपायची सोय, छोटी शेगडी, हातभर मोरी, छोटा फ्रीज. हवे तिथे थांबावे, रांधावे, खावे आणि निजावे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. पण कल्पना काही आजची नाही. 'कॅरव्हॅन' हा शब्दच मुळी फारसी 'कारवान'चा युरोप फिरून आलेला भाऊबंद. आपल्या मध्य हिंदुस्थानात बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून चालत, तेव्हा मुक्काम पडेल तिथे त्यांच्या चुली पेटत. आणि नागपूरकडच्या जुन्या मंडळींना रामटेकच्या यात्रेची रेंगी आठवत असेल. बैलगाडीवर तट्ट्या बांधलेला, आत गवताची गादी, एका कोपऱ्यात शिध्याचे गाठोडे आणि दुसऱ्या कोपऱ्यात आजी. त्या रेंगीला फ्रीज नव्हता, पण बेत पक्का असे. दशम्या आधी, भाकरी नंतर, आणि लाडू अगदी शेवटी.

आमच्या घरी हा विषय निघाला तो चिरंजीवांच्या फोनमुळे. तो आणि सूनबाई न्यूझीलंडात ऑकलंडला असतात. "आई-बाबा, तुम्ही या. आपण कॅरव्हॅन घेऊ, चौदा दिवस दक्षिण बेटावर हिंडू," असे त्याचे आमंत्रण आले. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. आमंत्रणातला आनंद त्यांना पोचला असेलच, पण त्याआधी त्यांच्या हाती पेन्सिल पोचली. तिकडे बाहेर एक वेळ जेवायचे तर माणशी पंचवीस-तीस डॉलर सहज जातात, म्हणजे आपले हजार-दीड हजार रुपये. चार माणसे, दोन वेळा, चौदा दिवस, म्हणजे एकशे बारा ताटे. आकडा दीड लाखाच्या घरात गेला. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "म्हणजे बघ, चौदा दिवस गाडीतच स्वयंपाक केला, की सव्वा लाख तरी वाचलाच!"

मी शाळेत मराठी शिकवलेली बाई. वाक्य ऐकले की त्याचे व्याकरण आधी दिसते. 'स्वयंपाक केला' ह्यात कर्म होते, क्रियापद होते. कर्त्याचा मात्र पत्ता नव्हता.

तो पत्ता आमच्या धाकट्या जाऊने लगेच सांगितला. दीर आणि ती त्या दिवशी जेवायला आली होती. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ताई, घरचंच स्वयंपाकघर चाकं लावून न्यायचं असेल, तर मी आपली घरीच बरी. इथे निदान ओटा तरी ऐसपैस आहे."

सगळे हसले. पण मला ते वाक्य रात्री झोपेपर्यंत सोडीना. काटकसर आपल्या घरांना नवी नाही; आपण तिच्यावरच वाढलो. पण सहलीतल्या काटकसरीचे निम्मे गणित एका गृहीतावर उभे असते: घरच्या बाईच्या हातांना मोल नाही. हॉटेलातल्या ताटाची किंमत आपण मोजतो, कारण तिथे बिल येते. घरच्या ताटाचे बिल येत नाही, म्हणून ते 'स्वस्त'. मग असे ताट खरोखर किती स्वस्त पडते, हे एकदा नीट मांडून पाहावे असे मला वाटले. परदेशात जाऊन चुका करण्यापेक्षा रंगीत तालीम घरच्या अंगणात करावी. म्हणून गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर चौघांनी, म्हणजे आम्ही दोघे आणि दीर-जाऊ अशा चौघांनी, एक कॅरव्हॅन भाड्याने घेतली आणि तीन रात्रींसाठी बोदलकसा गाठले.

बोदलकसा गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात येते. नागपूरहून भंडारा, तुमसर करीत तिरोड्याला यायचे आणि तिथून जंगलाच्या दिशेने वळायचे. हा सगळा मुलूख तळ्यांचा आणि धानाचा. जुन्या मालगुजारीच्या काळातली तळी इथे गावोगाव आहेत. बोदलकशाचे धरण मातीचे, १९१७ सालचे. टेकड्यांच्या ओंजळीत धरलेले पाणी आणि भोवती दाट झाडी. नागझिऱ्याचे अभयारण्य जवळच. पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही तळ्याकाठीच आहे. गाडी कुठे उभी करायची, पाणी कुठे भरायचे, हे आम्ही आधी विचारून ठेवले होते. चाकांवरचे घर झाले तरी त्याला अंगण कुणाचे तरी लागतेच, हा पहिला धडा.

दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे झाडीपट्टीत मंडईचे दिवस. धान कापणीला आलेले, गावोगाव मंडई भरते, रात्री दंडारीचे ढोल वाजतात, लेकीबाळी माहेरी येतात. आणि आमच्यासारख्या हिशेबी पाहुण्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाजार ताज्या मालाने भरलेला असतो.

आता बेताकडे वळते. आमचे नियम तीनच होते, आणि तेही काही माझ्या बुद्धीतून निघालेले नाहीत. त्या रेंगीतल्या आजीला ते सगळे ठाऊक होते.

पहिला नियम: जे आधी नासते ते आधी खावे. साधे वाटते, पण सहलीत नेमके उलट होते. पहिल्या दिवशी उत्साहाने चिवड्याचा डबा उघडला जातो आणि तिसऱ्या दिवशी मलूल पालेभाजीचे काय करावे ह्यावर परिषद भरते. आम्ही शिधा नावांनी न लावता दिवसांनी लावला. पहिल्या दिवसाच्या पिशवीत तिखट-मिठाच्या पुऱ्या, दही, काकडी. दुसऱ्या दिवसाच्या पिशवीत टिकाऊ भाज्या. आणि शेवटच्या डब्यात पोहे, भाजलेला रवा, बेसन, मूगडाळ, जवसाची चटणी, सांडगी मिरची. दिवाळीचा उरलेला फराळही ह्याच डब्यात गेला. चिवडा आणि शंकरपाळे ह्यांच्याइतके गुणी प्रवासी मी दुसरे पाहिले नाहीत. ना जागा मागतात, ना गॅस, ना कौतुक.

दुसरा नियम: ज्या मुलखात जावे, त्याचेच धान्य खावे. आम्ही कणीक थोडीच घेतली आणि तांदूळ तर मुळीच घेतला नाही. धानाच्या कोठारात शिरताना नागपूरहून तांदूळ नेणे म्हणजे गोदेकाठी घागर भरून नेण्यासारखे. तिरोड्याला नवा चिन्नोर घेतला, वांगी घेतली, हिरव्या मिरच्या आणि सांबार घेतला. (पुण्या-मुंबईच्या वाचकांनी दचकू नये, आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात.) वाटेत एका बाईपाशी शिंगाड्यांची रास होती, तळ्यातून नुकतीच काढलेली. ते ह्या दिवसांत इथे ताजे आणि मुबलक मिळतात. मीठ घालून उकडले की चौघांचा संध्याकाळचा फराळ झाला. पाकीटबंद कुरकुरीत पदार्थांच्या चौथ्या हिश्श्याच्या किमतीत.

शिवाय भाताला आणखी एक मोठा गुण आहे. पोळ्यांना कणीक, पोळपाट, लाटणे, तवा, पाऊण तास आणि एक बाई लागते. भाताला भांडे लागते आणि पाणी. छोट्या गाडीत हा फरक फार मोठा ठरतो.

तिसरा नियम गॅस आणि पाण्याचा. घरी आपण पैसे मोजतो. गाडीत ह्या दोन गोष्टी मोजाव्या लागतात. एका शेगडीला मोठ्या आचेवर तासाला साधारण दीड-दोनशे ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे पाच किलोची छोटी टाकी पंचवीस-तीस तास पुरते. ऐकायला पुष्कळ वाटते, पण परदेशी चौदा दिवस दोन वेळा तास-तास शेगडी पेटली तर ती संपली म्हणून समजा. म्हणून डाळ आधी भिजवायची आणि एकाच कुकरात थर लावायचे: खाली डाळ, मधे भात, वर वांगी नाही तर बटाटे. शिट्टी होऊन आच कमी केली की काही मिनिटांत शेगडी बंद, आणि कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचा. उरलेले काम आतली वाफ करते. ह्यातही नवे काही नाही. इंदुमाधव मल्लिक नावाच्या एका बंगाली डॉक्टरांनी १९१० साली 'इकमिक कुकर' काढला, तो ह्याच तत्त्वावर. खाली थोडे कोळसे, वर एकावर एक डबे, आणि सगळा स्वयंपाक वाफेवर. एकटे राहणारे कारकून नि विद्यार्थी सकाळी तो लावून ठेवीत आणि परत येऊन जेवीत. आमच्या आजोबांकडेही एक होता. पुढे त्याच्या डब्यांत खिळे आणि स्क्रू राहू लागले.

गॅसच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र काटकसरीत मोडत नाहीत, त्या जिवाशी निगडित आहेत. गाडी चालू असताना टाकीचा नळ पक्का बंद हवा. आणि शेगडी पेटलेली असताना खिडक्या उघड्या हव्यात, मग बाहेर थंडी कितीही असो. ऊब यावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवणे तर कधीच नाही. आणि जंगलाच्या कडेला, पाचोळ्यात, हौसेची तीन दगडांची चूल मांडू नये. जंगलाला आग लावून खाल्लेले पिठले कुणालाही पचणार नाही.

पाण्याचे म्हणाल, तर आमच्या गाडीच्या टाकीत ऐंशी लिटर मावत होते. नळ सोडून भांडी घासायला बसले तर पाच मिनिटांत निम्मी टाकी रिकामी. म्हणून दोन टोपल्या घेतल्या, एक घासायला, एक विसळायला. आणि ताटांऐवजी पळसाच्या पत्रावळी. ह्या भागात पळसाला तोटा नाही. पत्रावळी वापरल्यावर मात्र तिथेच भिरकावल्या नाहीत. पिशवीत भरून परत आणल्या.

हे झाले शिध्याचे. आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या कर्त्याकडे येते.

निघण्यापूर्वी मी वहीत नेहमीच्या जमाखर्चाशेजारी एक जास्तीचा रकाना आखला. त्याचे नाव ठेवले 'हात'. चार दिवसांत एकूण जेवणे दहा: तीन न्याहाऱ्या, चार दुपारची, तीन रात्रीची. त्यांतले पहिले घरून बांधून न्यायचे, दोन विकतची घ्यायची, उरली सात. ही सात गाडीत करायची. प्रत्येकापुढे नाव लिहिले. ह्यांची दोन, दिरांची दोन, माझी दोन, जाऊचे एक. कारण पहिल्या दिवशीच्या पुऱ्या तिने लाटल्या होत्या. ज्याचे नाव, त्याने बेत ठरवायचा, चिरायचे, शिजवायचे. आणि भांडी दुसऱ्याने घासायची. जेवणाऱ्यांनी नावे ठेवायची नाहीत, हे वेगळ्या शाईने लिहिले.

"वहिनी, हे म्हणजे शाळेचं वेळापत्रकच झालं," दीर म्हणाले.

"मग घंटा झाली की वर्गात या," मी म्हटले.

पहिल्या दिवशी दुपारी वैनगंगेचा पूल ओलांडला आणि झाडाखाली पुऱ्या-दही झाले. रात्री मी मुगाची खिचडी टाकली. पोचल्या रात्री सगळे दमलेले असतात, अंधारात वस्तू सापडत नाहीत. अशा वेळी खिचडीसारखी समजूतदार गोष्ट दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहारी ह्यांच्या नावावर होती. पस्तीस वर्षे रोखीचा हिशेब चोख ठेवणारा माणूस पोहे कसे करणार? मोजूनच! माणशी एक वाटी पोहे, चौघांत दोन कांदे, आठ शेंगदाणे प्रत्येकी. मी हसू दाबून ठेवले. पोहे अंमळ कोरडे झाले, पण झाले. आणि ह्यांचे मोजमाप चालले होते तेव्हा आमची धाकटी जाऊ तळ्याच्या पाळीवर जाऊन बसली होती. धुके पाण्यावरून हळूहळू उठत होते, पाणकोंबड्या आणि बदके पोहत होती. हिवाळ्यात ह्या तळ्यांवर दूरदूरचे पक्षी उतरतात. आणि सारस तर महाराष्ट्रात मुख्यतः ह्याच भागातल्या धानाच्या बांध्यांत नि तळ्यांकाठी उरला आहे. आम्हाला काही सारस दिसला नाही. पण जाऊ परत आली ती म्हणाली, "ताई, लग्नाला सव्वीस वर्षं झाली. सकाळचा चहा आयता आणि तोही कोणी हाक मारून दिलेला, असं पहिल्यांदाच झालं." त्यावर काय बोलावे हे आम्हा कुणालाच सुचले नाही. ह्यांनी मुकाट्याने तिला पोहे वाढले, आणि दाणे न मोजता वाढले.

त्या दिवशी दुपारी भात, वरण आणि वांग्याचे भरीत. ते जाऊचे. रात्रीचे पिठले-भात दिरांचे. बेसन आधी पाण्यात कालवून घ्यायचे असते, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती आणि त्यांनी विचारली नव्हती. त्यामुळे पिठल्यात काही गाठी निघाल्या, त्यांना त्यांनी स्वतःच 'भजी' असे नाव दिले. भात तळाशी लागला, त्याची खरपुडी चौघांनी वाटून खाल्ली. वेगळ्या शाईतला नियम सर्वांनी पाळला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा सांजा झाला आणि दुपारी त्यांनीच पुन्हा पिठले केले, तेव्हा एकही गाठ नव्हती. स्वयंपाक ही काही बायकांच्या हातांवर जन्मतः उमटलेली रेषा नव्हे. ती दोन वेळा केली की येणारी गोष्ट आहे, ह्याला ह्यापेक्षा चांगला पुरावा मला नको.

तिसऱ्या रात्रीचे जेवण विकतचे. आदल्या दिवशी गावातल्या एका घरी सांगून ठेवले होते. माणशी दीडशे रुपये ठरले. अंगणात पाट मांडून त्या बाईंनी वाढले: वाफाळता भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची रसरशीत भाजी, जवसाची चटणी, आणि मासे खाणाऱ्या दिरांसाठी तळ्यातल्या माशांचे कालवण. "पोटभर जेवा जी, भाताले काही कमी नाही," असे त्या दर खेपेला म्हणत. आमच्या सगळ्या सहलीतले सर्वांत रुचकर जेवण तेच. पैसे देताना ह्यांनी चार नोटा वर ठेवल्या. बाईंनी त्या परत केल्या आणि त्याऐवजी पुढच्या खेपेला मंडईच्या दिवशी या, असे आमंत्रण दिले. त्यांच्या हातांचे मोल होते, ते त्यांनी आधी सांगितले होते, आणि तेवढेच घेतले. व्यवहार इतका स्वच्छ असू शकतो, हे बघून बरे वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी ह्यांनी पुन्हा पोहे केले (ह्या वेळी ओलसर), आणि परतीच्या वाटेवर भंडाऱ्याला एका साध्या भोजनालयात जेवलो.

घरी आल्यावर वही पुढे घेतली. घरून नेलेला शिधा अकराशे ऐंशी रुपये. वाटेत घेतलेले तांदूळ, भाज्या, दूध, शिंगाडे वगैरे तेराशे नव्वद. दोन विकतची जेवणे चौदाशे. एकूण तीन हजार नऊशे सत्तर. दहा जेवणे, चार माणसे, म्हणजे चाळीस ताटे. चहा-दुधासकट ताटामागे शंभराच्या आत. सगळे बाहेर खाल्ले असते तर सात हजारांच्या घरात गेले असते. म्हणजे तीन हजार वाचले.

ह्यांचा चेहरा खुलला. पण मी त्यांना दुसरे पान दाखवले. गाडीचे एका दिवसाचे भाडे त्या तीन हजारांहून मोठे होते. तेव्हा जेवणात वाचवून कॅरव्हॅनचे भाडे भरून निघेल, ह्या भ्रमात कोणी राहू नये. चाकांवरचे घर स्वस्त म्हणून घ्यायचे नसते. पहाटे दार उघडले की समोर पाणी दिसते, म्हणून घ्यायचे.

मग 'हात' हा रकाना. दोन विकतची जेवणे गाडीत केली असती तर सहाशेत झाली असती. म्हणजे आठशे रुपये 'जास्त' गेले. त्या आठशे रुपयांत एक पूर्ण रात्र आणि एक दुपार, चौघांपैकी कुणालाही शेगडीपाशी उभे राहावे लागले नाही. माझ्या मते सगळ्या सहलीत सर्वांत स्वस्त पडलेली वस्तू तीच. काटकसर करावी ती नासाडीत करावी, पाकिटांत करावी, हौसेने भरलेल्या जास्तीच्या डब्यांत करावी. एकाच माणसाच्या विश्रांतीत करू नये. तिथे वाचवलेला पैसा कुठे ना कुठे, कपाळाच्या आठीच्या रूपाने, व्याजासकट वसूल होतोच.

ही सगळी वही मी चिरंजीवांना पाठवली आणि त्यावरून परदेशचा बेत आखला. तो अशा प्रवासाला निघणाऱ्या इतर आईबापांनाही उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात सांगते. नाताळ आणि जानेवारी हे तिकडे ऐन उन्हाळ्याचे आणि शाळांच्या सुट्टीचे दिवस, तेव्हा गाड्यांची भाडी चढलेली असतात. म्हणून फेब्रुवारीअखेर-मार्च बरा. इथून पोतेभर शिधा न्यायचा नाही. न्यूझीलंडात उतरताना बरोबरचा प्रत्येक खाद्यपदार्थ लिहून जाहीर करावा लागतो. लपवला किंवा विसरला तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड होतो, आणि चारशे डॉलरची चटणी कुणाच्या घशाखाली उतरणार? मध न्यायला बंदी आहे. ताजी फळे आणि उगवू शकेल असा दाणा ह्यांकडे तिथले अधिकारी फार संशयाने पाहतात. तेव्हा दुकानातले सीलबंद मसाले तेवढे न्यावेत आणि तेही जाहीर करून. तांदूळ, डाळ, बेसन तिथे मिळते. ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागात तर आपल्या किराण्याची दुकाने ओळीने आहेत. पुढे प्रवासात बटाटे, गाजर, कोबी, अंडी, दूध हे तिथल्या साध्या बाजारातले घ्यावे. बोदलकशाला चिन्नोर, तसे तिथे बटाटे! आणि गाड्या उभ्या करण्याची जी रीतसर आवारे असतात, त्यांत बहुधा सामायिक स्वयंपाकघर असते. मोठी शेगडी, भरपूर पाणी. आठवड्यातून दोन-तीनदा तिथे मुक्काम ठेवला की फोडण्यांचे काम तिथे होते आणि गाडीतल्या अंथरुणांना हिंगाचा वास लागत नाही.

चौदा दिवसांची बेचाळीस जेवणे. त्यांतली दहा बाहेर, उरलेली बत्तीस चौघांत प्रत्येकी आठ. सूनबाईचा निरोप आला, "आई, तुमची वही मी फ्रीजवर लावली आहे. इथल्या रोजच्या स्वयंपाकालाही हाच रकाना लावायचं ठरलंय." चिरंजीवांचा निरोप थोडा उशिरा आला आणि बराच आखूड होता: "आई, पिठल्यात गाठी होऊ नयेत म्हणून काय करायचं?"

मी त्याला काकांचा नंबर दिला.